टोचे न मारलेली भिंत

भाटकाराने छत्रीचं टोक भिंतीवर टेकवलं. नेमकं माझ्या आईच्या तोंडावर.

"हें कोण?"

मे महिना. दुपारचं ऊन. नव्या शाळेच्या दारासमोर आम्ही वीसेक पोरं उभी. हाताला काव, नखांत चुना, कपड्यांवर लाल शिंतोडे. मी अकरा वर्षांची. चित्र कोणाचं ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळी एकदम माझ्याकडे बघायला लागली. कसली शहाणी पोरं!

"ही तुजी आवय न्हय?" भाटकाराने मला विचारलं. भाटकार म्हणजे गावचा जमीनदार.

मी मान हलवली. खरं सांगते, मला तेव्हा बरं वाटलं. वाटलं, ओळखली! माझ्या आईच्या कपाळावर गोंदणाचे तीन ठिपके आहेत आणि हनुवटीवर एक. ओल्या भिंतीवर खिळ्याने ते चार ठिपके काढताना मी श्वास रोखून धरला होता. भाटकाराने ओळखली म्हणजे चित्र जमलं. अकरा वर्षांच्या पोरीची अक्कल ती केवढी.

"दारांतूच वावराडी बायल?" तो म्हणाला. वावराडी म्हणजे मोलमजुरीची. "भुरगीं सकाळीं इस्कोलांत येतलीं, तीं पयलें हिचें तोंड पळयतलीं?" शाळेत येणाऱ्या पोरांनी सकाळी पहिलं हिचं तोंड बघायचं, असं.

आणि त्याने छत्रीचं टोक भिंतीत फिरवलं. दोनदा. चुना अजून पुरता कडक झाला नव्हता. टोक आत गेलं. नाक, डोळे, गोंदणाचे ठिपके, सगळ्याचा लालपांढरा भुगा झाला आणि खाली माझ्या पायांवर पडला.

माझा बाबा तिथेच पायऱ्यांचं काम करत होता. भाटकार त्याच्याकडे वळला. "मेस्ता, चुनो मार. पुसून उडय. आतांच. फाल्यां व्हडले सोयरे येतले." उद्या मोठे पाहुणे येणार होते.

बाबाने बालदीत हात धुतले. पुसले. जोडले.

"चुक झाली भाटकारांनू. चेडू बारीक असा."

चूक कोणाची? कसली? तेव्हा विचारलं नाही. आज पंधरा वर्षांनी विचारतेय.

गावाचं नाव लिहीत नाही. डिचोली तालुका, मुळगावच्या पलीकडे, खाणींच्या वाटेवर, एवढं पुरे. एका गावाचं नाव लिहिलं की बाकीची गावं सुटतात.

आम्ही त्या गावचे नव्हे. आईबाबा दोडामार्गाकडचे. खाण चालू होती तेव्हा बाबाचा चुलता ट्रकवर होता, त्याच्या मागोमाग हे दोघे आले. बाबाने खाणीवर काम कधी केलं नाही. त्याच्या हातात थापी होती. बाप गवंडी, आजा गवंडी. आम्ही भाटकाराच्या माडांच्या बागेत, कुंपणाला लागून, एका खोलीत राहायचो. खोली बाबाने बांधलेली, जमीन भाटकाराची. "म्हज्या जाग्यार रावतात" हे तो आम्हाला अधूनमधून ऐकवायचा. रागाने नव्हे. हसत ऐकवायचा.

गावाने आम्हाला वीस वर्षांनीसुद्धा 'भायले'च म्हटलं असतं. बाहेरचे. काय करणार, तुळशीला पाणी आम्हीही घालत होतो, चवथीला गणपतीवर माटोळी आम्हीही बांधत होतो. तरी भायले ते भायले.

त्या वर्षी जुन्या शाळेचं छप्पर बसलं. गावाने ठरवलं, आपली शाळा आपणच बांधू. ही गोष्ट मला अजूनही चांगली वाटते, लिहायला हवं. दर आयतारी, रविवारी, प्रत्येक घरातून एक माणूस. चिरे वाहायचे, रेती चाळायची, पाणी आणायचं. सकाळी पोदेर यायचा, पाव वाटले जायचे, चहा व्हायचा. गाणीसुद्धा व्हायची.

फक्त एक गोष्ट होती. मोठ्या घरांतून माणूस यायचं नाही. मोठी घरं आपल्या कामाच्या बाईला पाठवायची आणि आयतार त्या घराच्या नावावर लागायचा. आमचं घर त्या यादीत नव्हतंच, कारण आमची जमीन नव्हती. माझी आई भाटकाराच्या घरी कामाला होती. म्हणजे ती दर आयतारी डोक्यावर घमेलं घेऊन गेली ती भाटकाराचं घर म्हणून गेली. पहिल्या आयतारापासून शेवटच्यापर्यंत. एकही चुकवला नाही. ताप होता त्या दिवशीही गेली. दाराशेजारी संगमरवराची पाटी आहे. त्यावर घरांची नावं आहेत. सगळ्यात वर कोणाचं घर आहे ते सांगायला नको.

आईला याचं काही वाटत नव्हतं. मी विचारलं होतं. ती म्हणाली, "इस्कोल तुका व्हया मा? मग माका काय नावाचा!"

भिंत तयार झाली तेव्हा पणजीहून एक सर आले. चित्रकलेचे. झोळी, दाढी, गोड बोलणं. म्हणाले, शाळा गावाने बांधली, आता भिंत पोरं सजवतील. आणि रंगाच्या डब्यांनी नव्हे, आपल्या मातीच्या कलेने. कावी.

कावी म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी पांढऱ्या चुन्याचा गिलावा. त्यावर काव घातलेल्या चुन्याचा पातळ लाल थर. तो गुळगुळीत घोटायचा. ओला असतानाच टोकदार खिळ्याने खरवडायचा. जिथे खरवडाल तिथे खालचा पांढरा दिसतो. तेच चित्र. त्यात खोडता येत नाही. ओरखडा गेला तो गेला. जुन्या देवळांच्या भिंतींवर आहेत ही कामं. माझ्या पणज्याने एका देवळाची अशी भिंत केली होती. देऊळ पुरं झालं, पूजा झाली आणि पणजा त्या दिवसानंतर पायरीखालीच उभा राहिला. बाबा हे सांगायचा ते हसून सांगायचा. मला त्याच्या त्या हसण्याचा राग यायचा.

गावात कावी येत होती ती एकट्या बाबाला. सरांना हे कळलं तेव्हा ते स्वतः आमच्या खोलीवर आले. दारात उभं राहून म्हणाले, "मेस्त्रीनू, तुमच्याकडून शिकायचं आहे." बाबा गडबडला. बसायला द्यायला आमच्याकडे कदेल नव्हतं, खुर्ची नव्हती. आईने पालथी बालदी पुसून दिली आणि सर तिच्यावर बसले. तो माणूस आमच्या बालदीवर बसला म्हणून मी त्याला देव समजले.

बाबा आठवडाभर आम्हाला शिकवत होता. आख्ख्या शाळेला. भाटकाराची नातसुद्धा माझ्या बाबाला विचारत होती, "मेस्ता, असो धरूं खिळो?" मी तिच्या बाजूला बसून मोठ्या तोऱ्यात सांगायचे, असा नाही गं, असा.

एक दिवस बाबाने जुन्या भिंतीचा एक तुकडा मध्ये ठेवला आणि म्हणाला, "ह्या बघा. जुन्या गिलाव्यार नवो गिलावो घालूचो असलो तर काय करूचा?" कोणाला येईना. मला येत होतं. मी हात वर केला. "टोचे मारूचे." बाबाचा चेहरा काय फुलला! टाकी, म्हणजे छिन्नी, घेऊन त्याने जुन्यावर बारीक बारीक खड्डे पाडून दाखवले. मग पाणी शिंपडलं. म्हणाला, "टोचे मारल्याशिवाय नवो जुन्याक धरना नाय. आज बरो दिसतलो. पण भित तुका फसयतली. पोपडो सुटतलो." हे त्याने आम्हाला तीनतीनदा वदवून घेतलं. टोचे, पाणी, मग गिलावा.

सरांनी विषय दिला, आपला गाव. आणि वर म्हणाले, "पुस्तकातलं नको. जे डोळ्यांनी पाहिलं ते काढा."

पोरांनी मोर काढले. माड काढले. देऊळ, होडी, गणपती. मोर आमच्या गावात कोणी पाहिला होता देव जाणे! मी जे पाहिलं ते काढलं. पाच बायका ओळीने चालल्या आहेत, डोक्यावर घमेली. पुढे माझी आई. एक हात कमरेवर, एक घमेल्याला. डोक्यावर जुन्या पातळाची चुंबळ. पायांत काही नाही. मला जी जागा मिळाली ती दाराच्या उजव्या हाताला होती. मी मागितली नव्हती. चिठ्ठ्या टाकल्या होत्या सरांनी.

संध्याकाळी आई काम संपवून आली. मी तिला ओढत नेलं. ती बघत राहिली. हात पदराला पुसला, मग एक बोट भिंतीजवळ नेलं आणि मागे घेतलं. ओलं आहे, लागेल म्हणून.

"माका काढलंस?"

"होय."

"इतक्या बरा खय असा गो माजा तोंड!" म्हणाली आणि हसली. पदर तोंडावर घेऊन हसली. मी तिला अशी हसताना त्याआधी पाहिली नव्हती. त्यानंतरही नाही.

हे सगळं त्या छत्रीच्या आदल्या दिवशी.

तर बाबाने हात जोडले. मी सरांकडे बघितलं. माझा देव तिथेच होता, दोन पावलांवर. जे डोळ्यांनी पाहिलं ते काढा म्हणणारा. त्याने झोळीतून मोबाईल काढला, त्यात काहीतरी बघितलं, आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "आपण नंतर दुसरीकडे करू हं, बाळ. आत्ता नको."

भाटकाराच्या छत्रीचा मला एवढा राग नाही आला पुढच्या आयुष्यात, जेवढा त्या 'बाळ'चा आला.

बाबाने चुना कालवला. पोरं बघत होती, भाटकार सावलीत कदेल टाकून बसला होता. आधी बाबाने छत्रीने पाडलेला खड्डा भरला. बोटाने चुना आत घातला, अंगठ्याने दाबला. त्याला मात्र वेळ लावला. मग थापी घेऊन सरळ वरून थर फिरवत सुटला. आईचं घमेलं गेलं, चुंबळ गेली, मागच्या चार बायका गेल्या. टाकी त्याच्या पिशवीत होती. त्याने ती काढलीच नाही. टोचे नाहीत. पाणी नाही. रखरखीत उन्हात तापलेल्या भिंतीवर कोरडाच थर. ज्याने आम्हाला तीनतीनदा वदवून घेतलं तो. मला वाटलं, एवढी घाई! लवकर पुसून टाकायची एवढी घाई! नीट सुद्धा करावंसं वाटलं नाही त्याला. माझ्या बापाने माझ्या आईला पुसलं आणि तेसुद्धा पाट्या टाकून.

त्या क्षणी मी बापाला मनातून काढून टाकलं. अकराव्या वर्षी. असंच लिहिते, सजवत नाही.

दुसऱ्या दिवशी सोहळा. मांडव, लाऊडस्पीकर, पाहुणे. आई आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. चित्रं काढणाऱ्या प्रत्येक पोराला भाटकाराच्या हातून रंगांची पेटी मिळणार होती. यादी आधीच झालेली, त्यात माझंही नाव होतं. पुकारलं. मी गेले. त्याने पेटी पुढे केली. बारा रंगांची, वरती पोपटाचं चित्र. माझ्या आयुष्यात मला तसली पेटी मिळाली नव्हती. पाहिजेही होती, फार पाहिजे होती. मी हात पाठीमागे बांधले.

"घे गो," तो म्हणाला. हसत.

"माका नाका."

लाऊडस्पीकरमधून गेलं ते. मांडवभर. कोणीतरी मागून ढकललं, कोणीतरी "आगाऊ" म्हणालं. भाटकाराचं हसू तसंच राहिलं, पण पेटी धरलेला हात कुठे न्यायचा ते त्याला कळेना. तो हात मला अजून दिसतो. मी वळून खाली उतरले. मुतायला लागली होती. असं असतं नकार देणं.

पुढच्या महिन्यात आमची खोली गेली. भाटकाराला तिथे सुपारी लावायची होती म्हणे. आम्ही पेडण्याकडे आलो, तुयेला. आई तिथल्या औद्योगिक इस्टेटीत एका कारखान्यात खोकी भरायला लागली. बाबा मिळेल तिथे गवंडीकाम करायचा. खोली माझ्यामुळे गेली हे मला कोणी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

मी शिकले. चित्रकलाच शिकले. कोरगावला एका शाळेत कंत्राटावर टीचर झाले. बाबाशी बोलायचे, जेवलास का, गोळी घेतलीस का, एवढंच. चुन्याने आणि सिमेंटने त्याची छाती धरली होती. शेवटचं वर्षभर तो दाराजवळ बसून असायचा. आणि एकच प्रश्न.

"ती भित कशी असा गो?"

"खयची?"

"त्या इस्कोलाची. बघूक गेलंस काय कधी?"

"माका खय वेळ, बाबा."

आठ दिवस गेले की परत. "भित बघलंस काय गो?" मला चीड यायची. वाटायचं, या माणसाला लाज कशी नाही! ज्या भिंतीपुढे हात जोडलेस तिची चौकशी करतोस? एकदा मी तसं बोललेही. "तुया पुसलंस ना ती? आता कित्याक इचारतंस?" तो खोकला. मग म्हणाला, "एक डाव बघून ये." मी पाणी दिलं आणि शाळेत निघून गेले.

दोन वर्षं झाली त्याला जाऊन. मी भिंत बघून आले नाही.

गेल्या महिन्यात त्याच शाळेचा मला फोन आला. शाळेला पंधरा वर्षं झाली, सोहळा आहे, भिंती पोरांकडून नव्याने रंगवून घ्यायच्या आहेत, टीचर, तुम्ही याल का. शिवाय चित्रकलेची कायमची जागा भरायची आहे, तुमचं नाव पुढे आहे. बोलणारा शाळेच्या कमिटीचा अध्यक्ष. म्हाताऱ्या भाटकाराचा मुलगा. मी कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. मला तो कोण ते ठाऊक होतं. आणि कायमची जागा! सहा वर्षं कंत्राटावर काढलेल्या माणसाला विचारा कायमची जागा म्हणजे काय ते. आईचे गुडघे गेले आहेत. मी हो म्हटलं.

सोमवारी सकाळी गेले. पाटी तशीच. दार तेच. दाराच्या उजव्या हाताला पोरं घोळका करून उभी होती आणि भिंतीचे पोपडे काढत होती. पोरांना पोपडे काढायला किती आवडतात! बशीएवढे पांढरे तुकडे सुटून खाली पडत होते आणि मागून लाल दिसत होतं. लालावर पांढऱ्या रेषा. एक पाऊल. अनवाणी. पातळाचा काठ.

मी पिशवी खाली ठेवली.

तेवढ्यात अध्यक्षाने पाठवलेला गवंडी आला. अनोळखी माणूस, पन्नाशीचा. त्याला सांगून ठेवलं होतं, पोपडे सुटलेला भाग टोचून काढ आणि सिमेंट कर, मग पोरं त्यावर मोर काढतील. त्याने भिंतीवरून हात फिरवला. एक पोपडा काढून उलटा केला, मागची बाजू बघितली. आरशासारखी गुळगुळीत.

"हात बरो आसलो," तो स्वतःशीच म्हणाला. "थर कसो सारको लायला पळय. पूण टोचे ना. उदकूय मारूंक ना. अशें कोण करता? हें जाणून केल्लें."

मी तिथेच पायरीवर बसले. बाबाने घातलेली पायरी.

जाणून केलेलं. टाकी पिशवीत होती आणि त्याने ती काढली नाही. भाटकारासमोर हात जोडून, पोरीच्या नजरेतून उतरून, त्याने असा थर दिला होता की जो एक ना एक दिवस पडणार. आणि मग तो वाट बघत बसला. पडला का? पडला का गो? भित बघलंस काय? आणि मी म्हणायचे, माका खय वेळ.

मी रडले. पोरांसमोर, गवंड्यासमोर, मोठ्याने. लाज नाही वाटली. बाबा रे, एकदा सांगायचं होतंस. एका शब्दाने सांगायचं होतंस. मी चालत आले असते.

मग उठले आणि उरलेले पोपडे स्वतः काढले. पोरं मदतीला आली. मागच्या चार बायका निघाल्या. आईचे पाय, कमरेवरचा हात, घमेलं धरलेला हात, चुंबळ, घमेलं. सगळं जसंच्या तसं. फक्त तोंड नाही. तोंडाच्या जागी एक पांढरा गोळा. तो निघेना. नखाने उचकटला, चावीने उचकटला, हलत नाही. गवंडी म्हणाला, "थंय खांड पडिल्लें, म्हूण धल्लां." तिथे खड्डा पडला होता म्हणून धरलं आहे.

आख्ख्या भिंतीवर टोचा मारलेली ती एकच जागा. छत्रीने मारलेला. बाबाचा चुना सगळीकडून सुटला, पण भाटकाराने जिथे भोसकलं तिथे घट्ट बसला. आणि त्या पांढऱ्यावर मध्ये एक दाब आहे. अंगठ्याचा. माझ्या आईच्या तोंडावर माझ्या बापाचा अंगठा.

"टीचर, ही कोण?" एका पोरीने विचारलं.

"माझी आई. ही शाळा तिने बांधली."

"आणि तोंड?"

मी उत्तर द्यायच्या आधी अध्यक्ष आला. चांगला माणूस, सभ्य, बापासारखा नाही. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. त्याने भिंत बघितली, पाटी बघितली, मला बघितलं. काय समजायचं ते समजला की नाही, ठाऊक नाही.

"टीचर, जुनें जालें तें," तो म्हणाला. "थीम आमची वेगळी आसा. मेस्ताक आपलें काम करूंक दिया. आनी तुमच्या जाग्याचें हांव पळयतां, तुमी भियेनाकात." म्हणजे बाजूला झाले तर कायमची जागा माझी.

गवंडी टाकी हातात घेऊन उभा. टीचरने बाजूला व्हायचं, एवढंच काम होतं माझं. पुसायलाही मला सांगत नव्हता कोणी. फक्त बाजूला व्हायचं. हळूच. मोबाईल बघत.

मी त्याच्या भाषेत सांगितलं, म्हणजे नंतर कळलं नाही असं नको. "हांव कुशीक सरचें ना." बाजूला होणार नाही.

"टीचर, प्लीज."

"सरचें ना. तुमच्या पपांनी छत्रेन माज्या आवयचें तोंड फोडलां हांगा. माज्या बापायक पुसूंक लायलें. पोरांनी विचारलंय तोंड कुठे गेलं. मी सांगणार."

आणि सांगितलं. वीसेक पोरं होती, सगळ्यांना. कोणाची छत्री, कोणाचे हात जोडलेले, कोण मोबाईल बघत होतं, सगळं. गवंड्याने टाकी पिशवीत ठेवली आणि विडी ओढायला गेला. अध्यक्ष म्हणाला, "कमिटी ठरयतली." कमिटी काय ठरवणार ते मला कळलं. कायमची जागा गेली. जाऊ दे म्हणवत नाही, फार लागलं. पण गेली.

घरी येऊन आईला सांगितलं. टोच्यांचं सांगितलं. तिने तांदळाचं सूप खाली ठेवलं. मग विचारलं, "तोंड ऱ्हवला काय माजा?"

"नाय."

"आणि घमेला?"

"असा."

"मग मीच ती," ती म्हणाली. "तोंड बघून माका थय कोणी वळखलानी कधी?"

बाबाने सांगायचं ते भिंतीवर सोपवलं आणि वाट बघत मेला. त्याच्याकडे तेवढंच होतं. डोक्यावर दुसऱ्याच्या जमिनीतलं छप्पर असलेल्या माणसाला तेवढंच करता येतं, आणि त्याने ते केलं, मी त्याला पंधरा वर्षं भित्रा म्हटलं. पण मी भिंतीवर काही सोपवणार नाही. चुना पडायची वाट बघणार नाही. वाट बघण्यात माणसं मरतात.

सोहळा येत्या आयतारी आहे. मी आईला म्हटलं, चल. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. भिंतीवर तिचं तोंड नाही, तर जिवंत तोंड दारात उभं करणार मी, उजव्या हाताला, त्या चित्राशेजारी. तोवर चित्र पुसलं, तरी तिथेच. कमिटीने आत घेतलं नाही तरी चालेल, आम्हाला आत जायचंच नाही. दारातच उभं राहायचं आहे. ती आली तर ती. गुडघे दुखले, भीती वाटली, नाही आली, तर मी एकटी उभी राहीन. माझं तोंड तिच्यावरच गेलं आहे. पाहुणे, पोरं, भाटकाराचा मुलगा, सगळ्यांनी पहिल्यांदा ते बघायचं आणि मगच आत जायचं.